घरी बनवलेला ट्रूइंग स्टँड (सायकलचं चाक लावून सरळ करायचा स्टँड), काही महिने वापरून झाल्यावर

सायकलच्या मागच्या चाकाची तार परत तुटली, परत हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, जिथे वाकते तिथेच, आणि दुकानात परत तेच. नवीन तार टाकली, आऊट काढला, म्हणजे चाकाचं डुलणं घालवलं, चाक फिरवून दाखवलं, "बघा, एकदम सरळ." सरळ होतंच. पण घरी येऊन तारा छेडल्या तर एक टणटणीत आणि तिच्याच बाजूची पुढची मेलेली. हे सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, चाक फिरतंय ना सरळ, मग झालं की. नाही झालं! चाक फिरताना खाली येणाऱ्या तारेचा ताण दर फेरीला कमी होतो आणि परत वाढतो, आधीच ढिली असलेली तार तर पूर्ण सैल पडून परत ओढली जाते, आणि हे हजारो वेळा झालं की कोपऱ्यात थकून तुटते. एक तार बदलून आऊट काढला की तो ताणाचा गोंधळ तसाच राहतो, फक्त दिसत नाही.

म्हणून चाकाच्या सगळ्या तारा सोडून ते स्वतःच परत बांधायचं ठरवलं. विकतचा स्टँड घ्यायचा प्रश्नच नव्हता, वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या वस्तूवर तेवढा खर्च मला पटत नाही. १८ मिमी प्लायचे तुकडे पडून होते, एक पाट, दोन उभे खांब, त्यातला एक फिक्स आणि दुसरा सरकता, म्हणजे पुढचं १०० मिमी हबचं आणि मागचं १३५ मिमीचं, दोन्ही चाकं बसतात. एक्सलसाठी प्लायलाच खाच पाडली तर क्विक रिलीज (एक्सल आवळायची खिट्टी) आवळला की लाकूड दबतं आणि चाक दर वेळी थोडं वेगळ्या जागी बसतं, म्हणून तिथे लोखंडी एल-अँगल लावा, खाच कानशीने १० मिमीची करा. बाकी लाकूड हलतंय का, खांब काटकोनात आहेत का, याची फार काळजी नको. मला सुरुवातीला वाटायचं की तारा आवळायची की फिरवताना खांब वाकतोय म्हणजे सगळं लोखंडातच करायला हवं. आता तसं वाटत नाही, हात काढला की तो जागेवर येतो आणि बघायचं असतं तेव्हाच.

आता खरी गोष्ट. काटा, म्हणजे रिम किती डुलते ते दाखवणारं टोक. सगळे डायल गेज (घड्याळासारखं मापक), डायल गेज करतात. मी एक लांब एम-६ बोल्ट घेतला, टोक कानशीने गोल केलं म्हणजे रिमला ओरखडा नको, आणि तो खांबात बसवलेल्या नायलॉक नटमधून आत नेला. नायलॉकच का, तर साध्या नटात बोल्टला खेळ असतो आणि टोक डुलतं, नायलॉन त्याला धरून ठेवतं. आणि एम-६ च का, तर साध्या एम-६ चे आटे बरोबर १ मिमीचे असतात! पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी, पाव फेरा म्हणजे ०.२५. बोल्टच्या डोक्यावर मार्करने एक रेघ मारली की झालं मोजमापाचं साधन. मला या बोल्टचा इतका आनंद आहे की काय सांगू, चाक न बांधतासुद्धा मी तो फिरवत बसतो.

डिश, म्हणजे रिम एक्सलच्या मधोमध आहे का, हे बघायलाही हाच. रिमला जेमतेम टेकेपर्यंत बोल्ट आत, चाक काढून उलटं लावायचं, परत टेकेपर्यंत किती फेरे लागले ते मोजायचं आणि त्याचं निम्मं म्हणजे रिम तेवढी मध्यापासून सरकली आहे. २ फेरे आले तर १ मिमी. स्टँड वाकडा असला तरी उत्तर बरोबरच येतं, कारण दोन्ही वेळा वाकडेपणा तोच असतो. वेगळं डिश गेज घ्यायची गरज नाही. आणि तारेचे आटे इंचाला ५६ असतात, म्हणजे निपलच्या (तारेच्या रिमकडच्या टोकावरच्या नटाच्या) एका फेऱ्याला साधारण ०.४५ मिमी, त्यामुळे निपल किती फिरवावं याचाही हळूहळू अंदाज येतो.

पण एवढं लिहून झाल्यावर हेही लिहायला हवं की बोल्ट कितीही छान असला तरी तो फक्त सरळपणा सांगतो, आणि माझं दुकानाशी भांडण त्याच्यावरूनच होतं. ताण कानाने कळतो. तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो, म्हणून हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांएवढा (काळ्या पट्ट्याही धरून) फरक ऐकू आला तर ताणात जवळजवळ १२ टक्के फरक आहे, आणि तेवढा कुणालाही ऐकू येतो. फक्त एकाच बाजूच्या तारा आपसात ताडून बघायच्या. मागच्या चाकात चेनकडची बाजू ताठच असते, दुसरी बरीच ढिली, ते डिशमुळे, म्हणजे रिम मधोमध ठेवायला दोन बाजूंच्या तारा वेगवेगळ्या तिरप्या असतात म्हणून, त्यात बिघाड काही नाही. स्वरावरून किलोमध्ये ताण काढायच्या फंदात पडू नका, तारा जिथे एकमेकींना टेकतात तिथे गणित बिघडतं. त्यासाठी तारांचा ताण मोजायचा मीटर मागून आणा, चेनकडे साधारण १०० ते १२० किलो धरतात, पण आधी रिमवाल्याने दिलेली मर्यादा बघा.

तार पीळ खाते का हे बघायला प्रत्येक तारेवर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. की फिरवताना झेंडा पण फिरला तर पाव फेरा जास्त द्या आणि तेवढाच मागे घ्या. निपलच्या आट्यांना थोडं तेल. शेवटी समांतर तारा जोडीने हाताने घट्ट दाबायच्या, चाक कुरकुरतं, परत थोडं आऊट होतं, परत काढायचं. ही पायरी कंटाळा आला म्हणून सोडू नका, नवीन तारेचा कोपरा यातच हबवर नीट बसतो.

ते मागचं चाक अजून एकही तार न तोडता चालू आहे आणि आऊटही काढावा लागलेला नाही. आता थ्रू एक्सलच्या (आरपार जाणाऱ्या जाड एक्सलच्या) पुढच्या चाकासाठी १२ मिमीचा दांडा बसेल असे बुश करायचे आहेत. तेही डिस्क ब्रेकचं चाक आहे, त्यामुळे पुढे असूनही डिश आहे, तिथे ताठ बाजू डावी. बोल्ट मात्र तोच राहणार.