ट्रेलोवर सात जणांचं काम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टीम सात जणांची, त्यातले निम्मे घरून काम करणारे, आणि सगळं काम ट्रेलोच्या एकाच बोर्डवर. ट्रेलो म्हणजे कामांची नोंद ठेवायचं ऑनलाइन साधन: प्रत्येक काम एक कार्ड, आणि कार्डं बोर्डवर शेजारी-शेजारी मांडलेल्या याद्यांमधून पुढे सरकतात. बोर्ड नुसता मांडल्यानं काम लवकर संपत नाही. एका वेळी किती कामं उघडी (सुरू केलेली, पण न संपलेली) ठेवायची यावर मर्यादा घातली, तरच फरक पडतो.

यामागचा नियम अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. आठवड्याला १० कामं पूर्ण होत असतील आणि ३० उघडी असतील, तर एका कामाला सरासरी ३ आठवडे लागणारच. उघडी कामं १५ वर आणा. माणसं तीच, आठवड्याची १० कामंही तीच, पण प्रत्येक काम सरासरी दीड आठवड्यात हातावेगळं होतं.

याद्या चारच पुरतात: ‘पुढे घ्यायचं’, ‘चालू’, ‘तपासणी’, ‘झालं’. ‘लिस्ट लिमिट्स’ हे पॉवर-अप (ट्रेलोला जोडायची जादा सोय) घेऊन ‘चालू’ला ८ आणि ‘तपासणी’ला ३ ही मर्यादा ठेवा. मात्र ट्रेलो नववं कार्ड अडवत नाही, फक्त यादीचा रंग बदलतो. अडवायचं टीम लीडनं. आणि मर्यादा बहुतेक वेळा मोडतो तोही लीडच, ‘हे एवढं अर्जंट घे’ म्हणून. अशा वेळी कोणतं कार्ड मागे जाणार, हे त्यानंच कार्डावर लिहायचं. या एका नियमानं निम्मी अर्जंट कामं उद्यावर जातात.

सगळ्यात जास्त तुंबते ती ‘तपासणी’. तपासणारे एकदोनच असतात आणि तेच दिवसभर मीटिंगमध्ये. रोज ११ ते ११:४५ ही वेळ तपासणीला राखून ठेवा. यादी भरली की कुणीही नवं काम उचलायचं नाही, आधी तिथली कार्डं मोकळी करायची.

अडकलेल्या कामांसाठी वेगळी यादी करू नका, ही फार महागात पडणारी चूक आहे. कार्ड तिथे गेलं की मोजणीतून सुटतं आणि विसरलं जातं. ते आहे तिथेच ठेवून लाल लेबल लावा आणि एक ओळ लिहा: कुणाकडून, काय, कधीपर्यंत हवंय.

रोजची मीटिंग १५ मिनिटांची. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचायचा, कारण संपत आलेलं काम आधी संपवायचं असतं. बोलायचं कार्डाबद्दल. ‘काल काय केलंस?’ हा प्रश्न पूर्ण बंद, त्यानं घरून काम करणारा माणूस उगाच हजेरी दिल्यासारखं बोलतो. व्हॉट्सअॅपवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी कार्डावर यायलाच हवी, नाहीतर बोर्ड खोटा पडतो. ईमेल सूचना लगेच येणाऱ्या नकोत, तासाला एकदा येणाऱ्या ठेवा.

उणीव एकच, पण मोठी: एक काम दुसऱ्यावर अवलंबून आहे हे दाखवायची मूळ सोय ट्रेलोत नाही. कार्डात दुसऱ्या कार्डाची लिंक चिकटवून भागतं. बांधकाम किंवा मोठ्या सॉफ्टवेअरसारखी लांब साखळी असेल, तर तिथे गँट चार्टचं, म्हणजे कामांचा क्रम आणि कालावधी आडव्या पट्ट्यांनी दाखवणारं, साधनच घ्यावं.