जुना पीसी: विंडोज ११ की लिनक्स मिंट?

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशीन मात्र अजून धडधाकट आहे. मग काय टाकायचं?

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. रॅम कागदावर ४ जीबी. प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी (वेगवान डिस्क) नसेल तर ब्राउझर उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. अटीत बसत असाल तर अपग्रेड फुकट आहे, फायली जागेवर राहतात. न बसणाऱ्या मशीनवर आडवाटेनं ११ टाकून देणारेही भेटतात, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची लिनक्स सिस्टिम, २ जीबी रॅमवरही चालतं, ४ असेल तर बरं. लायसनचा खर्च नाही. अडचण सॉफ्टवेअरची: विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम त्यावर सरळ चालत नाहीत. सातपूरच्या वर्कशॉपचे हिशेब टॅलीवर किंवा डीटीपीचं काम श्रीलिपीत असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा अटीत बसणारा सेकंडहँड पीसी घ्या.

घरी ऑनलाइन फॉर्म, यूट्यूब आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर मी मिंटच सांगेन. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासा. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फोटो आधी बाहेर काढा.