समुपदेशन कौशल्यांचा कोर्स : ऐकायला शिकवतात, पण ऐकू येत नाही

मे महिन्यात वर्गातल्या कूलरचा पंप जळला आणि उरलेला कोर्स ऑनलाइन झाला. फीमध्ये खोलीभाडं धरलं होतं, ते परत मागितलं. उत्तर आलं : ‘सर, तुमची निराशा आम्हाला जाणवते आहे.’ समोरच्याची भावना ओळखून त्याला बोलून दाखवायची, हे कोर्सात शिकवलेलं आमचंच हत्यार आमच्यावर!

अभ्यासक्रम माहीतच असेल : रॉजर्स आणि ईगन या मानसशास्त्रज्ञांच्या पद्धती, रोल-प्ले म्हणजे भूमिका घेऊन सराव, शेवटी प्रमाणपत्र. फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. जागा नागपुरात सीताबर्डीजवळ, मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात, त्यामुळे पेट्रोल वाचलं.

माझी खरी तक्रार कूलरची. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय बसा असं कोणी म्हणणार नाही. पण खिडकीतला तो जुना लोखंडी डबा चालू झाला की शेजारच्याचं बोलणं कळायचं नाही. विषय सक्रिय श्रवण, म्हणजे मन लावून ऐकणं. समोरची ताई मन मोकळं करत होती आणि मला ‘सासू’ आणि ‘दागिने’ एवढंच ऐकू आलं. ऐकताना कसं बसायचं याचे ईगनचे ‘सॉलर’ नावाचे नियम आहेत, त्यातलं पुढे झुकून बसणं शिकवावंच लागलं नाही, सगळे आपोआप झुकले. समोरचा गप्प झाला तर आपणही थांबायचं, असाही एक सराव होता. पण तो गप्प झाला हे आधी कळायला नको? ‘दहा मिनिटं बंद करा ना’ म्हटलं, तर अर्धा वर्ग ‘काहून, मारता का?’ म्हणत अंगावर आला.

तिघातिघांच्या गटातला सराव आधी मला पैसे उकळायचा प्रकार वाटला. एक बोलणार, एक ऐकणार, एक निरीक्षक. आपसातच बोलायचं तर फी कशाची? हे मत आता मागे घेतो. वीजबिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर माझी सगळी नोकरी झाली. तिथे माणसाचं पहिलं वाक्य संपायच्या आत ग्राहक क्रमांक विचारावा लागतो, कारण मागे रांग असते. आमची निरीक्षक माझ्या पोरीच्या वयाची. तिने माझे प्रश्न जसेच्या तसे लिहून वाचून दाखवले : ‘डॉक्टरला दाखवलं का?’, ‘भावाला सांगितलं का?’ सगळे हो-नाहीचे. ‘काका, तुम्ही त्यांना लवकर आटपवत होते,’ म्हणाली. फी वसूल झाली ती इथे.

समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, हा सराव घरी मात्र करू नका. बायको म्हणाली, ‘माझंच बोलणं मला काहून ऐकवता? सिलिंडर आणता की नाही ते सांगा.’

ऑनलाइनमध्ये कॅमेऱ्याकडे पाहावं तर समोरचा चेहरा दिसत नाही, चेहऱ्याकडे पाहावं तर त्याला वाटतं आपण खाली पाहतोय. पण एक मान्य करतो : हेडफोनमुळे समोरच्याने गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. म्हणजे पंप जळला ते बरंच झालं, पण म्हणून खोलीभाडं ठेवून घ्यायचं नसतं.

प्रमाणपत्राला भुलू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती या कोर्सने मिळत नाही. आमच्यातल्या एकाने तशी कार्डं छापलीसुद्धा, शिक्षिकेने ती चारचौघांत परत घ्यायला लावली. बाई पक्क्या आहेत. आत्महत्येची भाषा निघाली तर कौशल्य पाजळत बसायचं नाही, माणसाला एकटं सोडायचं नाही, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून द्यायचा आणि तज्ज्ञाकडे न्यायचं, हे त्यांनी घोटून घेतलं.

पुढची पातळी दिवाळीनंतर आहे, फी याहून जास्त. नाव घालणार आहे, पण जुने पैसे त्यातून वळते केल्याचं लेखी हातात आल्यावरच.