अरंगेत्रमचे उभे फोटो: ३५ की ८५?

अरंगेत्रमसाठी, म्हणजे पहिल्या जाहीर एकल नृत्यासाठी, भरतनाट्यमच्या पोशाखातल्या मुलीचा नखशिखांत फोटो काढायचा, तर फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स (रुंद दृश्य घेणारी) लावावी की ८५ (अरुंद दृश्य घेणारी)? बऱ्याचदा खोलीच ठरवते. कॅमेरा उभा धरून, दीड मीटर उंचीच्या मुलीच्या वर-खाली थोडी जागा सोडायची, तर ८५ ला साधारण साडेचार मीटर मागे जावं लागतं. ३५ ला दोन मीटरही पुरतात.

पण ३५ ने जवळून, डोळ्यांच्या उंचीवरून काढलं, की डोकं मोठं आणि पाय आखूड. अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे आधीच वाकलेले, त्यात मुलगी आणखी बुटकी दिसते. पुढे केलेला अलपद्म (उमललेल्या कमळासारखी बोटं पसरलेला) हात तर चेहऱ्याएवढा होतो. कॅमेरा तिच्या कमरेपर्यंत खाली आणला की बरंच सावरतं.

८५ मध्ये अंगाची प्रमाणं जागेवर राहतात, मागचा पसाराही कमी येतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) मात्र एफ/४ च्या आसपास ठेवा, त्याहून जास्त उघडलं तर डोळे स्पष्ट आणि पुढे टाकलेल्या पायातले घुंगरू धूसर. (पायाचा अळता फ्रेमबाहेर कापला गेला, तर आई विचारतेच.)

माझं मत ८५ ला, गच्चीवर किंवा देवळाच्या आवारात. ३५ मेकअप चालू असतानाच्या फोटोंसाठी ठेवा.