पंक्चर एक, भोकं पाच, गेले 26,550

सातारा रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याने मला 4,550 रुपयांना कापलं आणि त्याने वाट लावलेल्या टायरपायी पुण्यात आणखी 22,000 गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ‘दीडशेच्या पंक्चरवर कोण लिहीत बसतं’ म्हणणारे लगेच उगवतात.

गाडी बीएमडब्ल्यू झेड-फोर, 2012 ची, सेकंडहँड. नव्या एसयूव्हीपेक्षा स्वस्तात पडली, तेव्हा ‘श्रीमंतांची दुखणी’ वगैरे नको. दोन सीट, स्टेपनी नाही. या गाडीला मुळात रनफ्लॅट टायर येतात. हवा गेली तरी ताशी 80 च्या आत ठेवून साधारण 80 किलोमीटर काढता येतात. डीलरने विकताना हेच छाती ठोकून सांगितलं. आधीच्या मालकाने दणके बसतात म्हणून मागच्या चाकांना साधे टायर घातले होते, ते मात्र गिळून टाकलं. डिकीत सीलंटची, म्हणजे भोक बुजवायच्या द्रवाची, बाटली होती, तीही मुदत उलटलेली. सेकंडहँड घेताना टायरच्या बाजूवर आरएससी, झेडपी किंवा आरओएफ अशी रनफ्लॅटची खूण आहे का, ते खाली बसून वाचा. चारही टायरवर.

‘एक चाक बरोबर ठेवायचं ना!’ कुठलं? टायरचं माप पुढे 225/40, मागे 255/35, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. आणि ठेवू कुठे, बायकोच्या मांडीवर?

घाट उतरल्यावर टायरमधली हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला. पाऊस, संध्याकाळचे सात. गेज माझ्याकडे कायम असतो, लगेच हवा मोजली. मागचं डावं 26 पीएसआय, बाकीची 33-34. रबरात एका स्क्रूचं डोकं दिसत होतं. थोडं पुढे टायर रंगवून उभा केलेली टपरी होती, तिथे गाडी लावली.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. चाक काढलं, साबणाचं पाणी मारलं, ‘साहेब, एक नाही, पाच आहेत.’ मी समोर उभा होतो. त्याच्या उजव्या हातात पाण्याचा डबा, डाव्या हातात काळं फडकं, आणि फडकं जिथून फिरेल तिथे मागे बुडबुडा. स्क्रूपाशी आधीपासून फेस येत होता. बाकीचे चार बुडबुडे फडक्यामागून आले. फडक्यात टोचा होता हे आता शेंबडं पोरही सांगेल.

पण मला खरा चटका लागतो तो त्या 26 चा. पाच भोकं पडलेल्या टायरमध्ये 26 हवा राहते? चार किलोमीटर चालवून? आकडा मी स्वतः वाचला होता, तोंडात होता, आणि तिथे उभं राहून मी मान हलवत होतो. अर्थात गाडी जॅकवर, चाक त्याच्या फरशीवर, गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेडवाला फोनवर 9,000 मागतोय, बायको पावसात. अशा वेळी तुम्ही भांडला असतात का, प्रामाणिकपणे सांगा.

पाच मश्रूम पॅच (टायरच्या आतून चिकटवतात, देठ भोकात बसतो), प्रत्येकी 650, म्हणजे 3,250. ‘स्पोर्ट गाडी’चं चाक काढायचे 500. आतून कसलंसं जेल, 800. बिल मागितलं तर हसला. यूपीआयवर आलेलं नाव पाटीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. स्क्रीनशॉट ठेवलाय.

पुण्यात टायर रिमवरून उतरवला तेव्हा आत मश्रूम दोनच. दोन ठिकाणी साधी स्ट्रिप कोंबून वरून कापलेली, आणि पाचवं भोक बाजूच्या भिंतीलगत, सरळ, गोल, कडा स्वच्छ. तिथली भिंत चालताना सतत दुमडते, म्हणून तिथे पॅच धरत नाही. टायर भंगारात. नवा 21,400, फिटिंग-बॅलन्सिंग 600.

आता साहेबलोकांचं ऐका. पहिल्या चौकीत सांगितलं, जागा आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या चौकीत, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत ना? टपरीला नाव नाही, मग तक्रार कुणाविरुद्ध लिहू? भोक त्यानेच पाडलं याला पुरावा काय? टायर दाखवायला घेऊन गेलो होतो, त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. वर ‘एवढी गाडी फिरवता आणि चार हजारांसाठी हेलपाटे घालता?’ म्हणजे गाडी बसकी दिसली की लुटायचा परवाना! ऑनलाइन फसवणूकवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, यात बसत नाही. ग्राहक तक्रारवाल्यांनी बिल मागितलं. ज्याने बिल दिलं नाही त्याचीच तक्रार करायला त्याचंच बिल हवं! शेवटी मोबाइलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कुणी काढली, कुठे काढली, ईश्वर जाणे.

आणि स्टेपनी न देण्याला तर कायदाच मोकळीक देतो. 2020 मध्ये नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. त्या किटमधल्या बाटलीची मुदत संपते, ते तपासायचं काम तुमचंच.

तेव्हा 12 व्होल्टचा हवा भरायचा पंप गाडीत ठेवाच. स्क्रू उपटू नका, तोच भोक बुजवून बसलेला असतो. हवा 35 करा, दर दहा-पंधरा किलोमीटरला मोजा आणि सावकाश शहर गाठा. दुकानात पोचल्यावर गेजचा फोटो त्याच्यादेखत काढा. भोकाभोवती खडूने गोल करा, फडकं बाजूला ठेवायला सांगा. लॉक नटचा, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या नटचा, सॉकेट कुठे आहे ते आज बघून ठेवा, तो हरवला तर हातोडा-छिनीवर येतात. जॅक खाली जात नसेल तर आधी फळीवर चाक चढवा, नाहीतर बंपर गेला.

त्याच पट्ट्यात तुमचीही चाळण झाली असेल तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि तारीख मला पाठवा. अर्ज पुन्हा टाकतोय, या वेळी सगळ्यांचे कागद एकत्र जोडून.