‘केरँग!’चे जुने अंक: भिंतीवर जाण्यासाठी रचलेली पाने

‘केरँग!’ या ब्रिटिश रॉक-मेटल साप्ताहिकाचे 2000 नंतरच्या दशकातले अंक चाळताना पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती पानांवरची दाटीवाटी. तिरके मथळे, एकमेकांवर चढलेली छायाचित्रे, काळ्यावर लाल-पिवळे रंग आणि उद्गारचिन्हांची खैरात असा हा सगळा मामला आहे. मोठ्यांना तो आवडू नये हाच त्यामागचा हिशेब असावा, कारण अंकाचा वाचक शाळा-कॉलेजातला आहे.

जून 1981 मध्ये ‘साउंड्स’ या संगीतपत्राची पुरवणी म्हणून ‘केरँग!’ निघाले, तेव्हा मुखपृष्ठावर एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवादक अँगस यंग होता. इलेक्ट्रिक गिटारवर तारा जोरात छेडल्या की उठणारा आवाज हेच साप्ताहिकाचे नाव, म्हणून त्याची अक्षरेही तडे गेलेल्या काचेसारखी काढलेली आहेत. मुखपृष्ठावरच्या कलाकाराचे डोके यातली दोन-तीन अक्षरे खुशाल झाकून टाकते, कारण नेहमीचा वाचक उरलेल्या तड्यांवरूनही अंक ओळखतो. खालच्या पट्टीत इतर बँडची नावे खच्चून भरलेली असतात. ज्याला मुख्य चेहरा आवडत नाही, त्यालाही स्टॉलवर थांबवण्याची ती सोय आहे.

मांडणीतले खरे कौशल्य पोस्टरांत दिसते. मुखपृष्ठावरच त्यांच्या छोट्या प्रतिमा छापून जाहिरात केली जाते आणि आत मजकुराला जागा अपुरी पडली तरी पोस्टरच्या पानात एक ओळही घुसू दिली जात नाही. हे पान वाचले जाणार नाही, फाडून खोलीत लावले जाणार आहे, हे मांडणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. याउलट 1993 मध्ये सुरू झालेले ‘मोजो’ हे संगीत-मासिक पाहावे. जॉन लेनन आणि बॉब डिलन यांना पहिल्या मुखपृष्ठावर घेणाऱ्या या मासिकात लांबलचक लेख, सरळ स्तंभ आणि जुनी कृष्णधवल छायाचित्रे निगुतीने लावलेली असतात, कारण त्याचा प्रौढ वाचक अंक कपाटात जपून ठेवणारा आहे.

‘केरँग!’ची मांडणी कमी पडते ती मोठ्या मुलाखतींत. गडद पार्श्वभूमीवरचा बारीक पांढरा मजकूर दोन पानांनंतर डोळ्यांना जाचतो आणि चौकटींच्या गर्दीत मूळ लेखाचा धागा शोधावा लागतो. परीक्षणांची पाने त्या मानाने सुटसुटीत आहेत. ताऱ्यांऐवजी दिले जाणारे ‘के’ (K) पाचपैकी किती मिळाले एवढे पाहून पुढे सरकता येते, आणि बहुतेकांना तेवढेच हवे असते.

मार्च 2020 मध्ये छापील साप्ताहिक थांबले, त्यामुळे हे अंक आता जुन्या बाजारातच मिळतात. पानांच्या मांडणीचा अभ्यास करणाऱ्यांनी ते जरूर घ्यावेत. मात्र पैसे देण्यापूर्वी मधली पाने जागेवर आहेत ना, हे विचारून घ्यावे.