साडेसहाशेची बाटली अन् चाळीस रुपयांचं नरसाळं : पेट्रोल ॲडिटिव्ह वापरून नऊ महिने

गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, टाकी 35 लिटरची, आम्ही परभणीचे. म्हणजे पेट्रोलचं दुखणं काय असतं ते मला सांगू नका, मनमाडहून टँकर येणार अन् भाडं आपल्या माथी, इथं लिटरला 107 च्या आसपास मोजतो आपण. त्यामुळं गेल्या दिवाळीत जिंतूरच्या पुढं गाडी झटके खायला लागली तेव्हा पहिला विचार हाच आला की ह्या ई20 नं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर जाम केलेत. घरी आल्यावर तीन रात्री व्हिडिओ बघितले अन् पेट्रोलमध्ये ओतून इंजेक्टर साफ करायच्या ॲडिटिव्हची बाटली मागवली, 300 मिलीची, साडेसहाशे रुपये. वर मेड इन जर्मनी. जगात जर्मनी भारतात परभणी, म्हटलं जुळतंय!

आता खरा विषय. बाटलीचं तोंड. साडेसहाशे रुपये घेता अन् तोंड एवढं आखूड की टाकीच्या आतल्या झडपेपर्यंत पोचतच नाही. स्प्रिंगची झडप असते ना, ती एका हातानं दाबायची, दुसऱ्या हातानं ओतायचं, मागं रांगेतले हॉर्न वाजवायलेत, पंपावरचं पोरगं विचारतंय, "काका, काय टाकायलाव? भेसळ हाय का?" चांगलं तीस-चाळीस मिली फेंडरवर सांडलं, म्हणजे ऐंशी रुपये गेले की! पुसलं तरी रंगावर पुसट डाग राहिलाय, उन्हात अजून दिसतो. दुसऱ्या वेळी घरातलं तेलाचं नरसाळं नेलं तर ते आखूड निघालं, अन् ते परत ओट्यावर ठेवलं म्हणून बायकोनं जे सुनावलं ते इथं लिहित नाही. शेवटी मोंढ्यात लांब नळीचं मिळालं, 40 रुपये. बाटलीसोबत एक कागदी नरसाळं तरी द्यायचं की नाही राव!

बरं, चूक माझीही होती. पहिल्यांदा टाकी अर्धी भरलेली असताना आख्खी बाटली ओतली, म्हटलं जास्त टाकलं तर जास्त साफ. बाटलीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय, 75 लिटरपर्यंत एक बाटली. म्हणजे माझ्या भरल्या टाकीला अर्धीच पुरते. अन् वरून ओतून उपयोग नाही, टाकी रिझर्व्हला आली की आधी हे ओतायचं, मग फुल करायची म्हणजे पेट्रोलच्या धारेनं आपोआप ढवळून निघतं. नंतर गाडी लांब पळवायची. घर ते शाळा ते भाजीमंडई असं दोन-दोन किमी फिरवून काही होत नाही, इंजिन नीट तापतच नाही. मी जिंतूर-मंठा-जालना करत संभाजीनगरला जाऊन आलो, चारशे किमी.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की भारी आहे, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिन, शांत झालं. ते आता अर्धं मागं घेतो. कारण जानेवारीत झटके परत सुरू, वर चेक इंजिनचा दिवा. मिस्त्रीनं स्कॅनर लावला, तीन नंबरचा सिलिंडर मिसफायर, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटतच नव्हतं. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढून हातावर ठेवला, टोक पार झिजलेलं. "सर, साठ हजार किमी झाले, प्लग कधी बदललेत?" मी गप्प. चारही प्लग बदलले अन् झटके त्याच दिवशी बंद. म्हणजे मी दिवाळीपासून प्लगच्या दुखण्यावर इंजेक्टरचं औषध पाजत होतो.

मग बाटली फालतू का? तसंही नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या बाटलीतली अर्धी नीट पद्धतीनं टाकली, ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीला, कारण धुतलेली घाण थोडीफार ऑइलमध्ये उतरते, ती तशीच निघून जाते. सकाळचं स्टार्टिंग खरंच सुधारलं. ह्यात पीईए म्हणजे पॉलीइथर अमाइन नावाचं डिटर्जंट असतं, ते इंजेक्टरवर अन् व्हॉल्व्हवर साचलेला थर सोडवतं. पण व्हॉल्व्हचं फक्त आपल्यासारख्या साध्या इंजिनात, जिथं पेट्रोल व्हॉल्व्हच्या अंगावर फवारलं जातं. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचे, म्हणजे जिथं पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं त्यांचे, व्हॉल्व्ह ह्यानं धुतले जात नाहीत, त्यांनी तेवढ्यासाठी पैसे घालू नयेत.

अन् ॲव्हरेज. 14.8 चं 15.3 झालं, त्यात प्लगचा वाटा किती देव जाणे. सगळं श्रेय बाटलीला दिलं तरी 2000 किमीला साडेचार लिटर वाचतं, म्हणजे पावणेपाचशे रुपये. बाटली साडेसहाशेची. ई20 नं गेलेलं ॲव्हरेज तर कुठलीच बाटली परत आणणार नाही. आपल्याच उसाचं, मक्याचं इथेनॉल असलं तरी लिटरमागं त्यात पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची अवेळी न पेटण्याची ताकद, वाढवणाऱ्या ऑक्टेन बूस्टरच्या तर नादीच लागू नका, इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त असतं.

मी आता वर्षातून एकदा अर्धी बाटली टाकणार, बस. उरलेली अर्धी घट्ट बूच लावून कपाटावर आहे. शेजारचे भाऊसाहेब ती मागायला आले होते, त्यांची जीप डिझेलची. म्हटलं हे पेट्रोलचं आहे, डिझेलचं वेगळं येतं, चालणार नाही. मग ते नरसाळं घेऊन गेले. दीड महिना झाला, अजून परत आलेलं नाही.